शेजारचा चौकोन

“बाहेर! अहो, बाहेर जायचं असतं! आगीचा भोंगा वाजला की माणसं बाहेर पळतात, तळघरात नाही!”

मी पंपाशेजारी उभा राहून घसा फोडत होतो आणि आमची अख्खी इमारत जिना उतरून माझ्या अंगावर येत होती. कुणाच्या काखोटीला चटई, कुणाच्या हातात थर्मास, शिंप्याच्या खांद्यावर त्याची उशी. धक्काबुक्की नाही, रडारड नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली. शिंपी खांबाला टेकला आणि त्याने डोळे मिटूनसुद्धा घेतले. बॉयलरच्या उबेला सुईणआजी. त्यांच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावरची जुळ्यांची आई, दोन्ही कडांवर दोन पोरं घेऊन. हा भोंगा वाजला होता तो हिच्याच कृपेने. गॅसवर दूध ठेवून बाई पोरांना आंघोळ घालत बसल्या, दूध करपलं, धूर झाला.

“गॅस बंद केलास का?” मी विचारलं.

“केला की, दादा.”

“म्हणजे आगबिग काही नाही हे तुला माहीत होतं. तरी तू खाली आलीस?”

“सगळे निघाले म्हणून मीही निघाले.”

घ्या! आता या बाईपुढे कुठे डोकं फोडायचं?

“पंप्या, ओरडू नकोस रे,” सुईणआजी म्हणाल्या. “वर तो भोंगा आहे तेवढा पुरे. आणि तो पंप बंद कर जरा, नुसता गुरगुरतोय.”

“पंप बंद केला तर चौथ्या मजल्यावर पाणी कोण चढवणार? तुम्ही?”

“चढवलं असतं. गुडघे नाहीत ना आता.”

आम्ही सगळे एकाच गावचे. ते गाव आता उरलेलं नाही. लढाईत आधी त्याचा पूल गेला, मग बाजार गेला, मग आम्ही जे उरलो होतो ते निघालो आणि फिरत फिरत इथे, या परक्या शहरात, कुण्या बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या या इमारतीत येऊन पडलो. तिकडे मी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होतो. इथे पंप, बॉयलर, जिन्यातले दिवे, तुंबलेली मोरी, सगळं माझ्या गळ्यात. लोक मला केअरटेकर म्हणतात. म्हणजे रात्रंदिवस कुणीही दार ठोठावावं असा माणूस.

तिकडे भोंगा वाजला की विमानं यायची आणि आम्ही तळघरात जायचो. तेवढं एकच शहाणपण आम्ही तिथून सोबत आणलं, आणि तेच नेमकं इथे उलटं पडलं.

मी काय काय करून पाहिलं नाही? प्रत्येक मजल्यावर बाण रंगवले. दारोदार जाऊन कानीकपाळी ओरडलो. एकदा वैतागून तळघराला कुलूप लावलं, तर भोंगा वाजल्यावर सगळे जिन्याच्या तळाशी बंद दारापुढे गर्दी करून उभे राहिले, आणि त्या चेंगराचेंगरीत जुळ्यांच्या आईचा पाय मुरगळला. कुलूप काढावं लागलं. वर शिंपी मला म्हणतो, “कुलूप लावलं होतंत तर निदान आधी सांगायचं. आम्ही लवकर आलो असतो.”

दुधाच्या त्या दिवशी नशीब असं की अग्निशमनचे साहेब खरंच आले. गाडी फाटकात, शिपाई नळी घेऊन तयार, आणि इमारतीत चिटपाखरू नाही. त्यांना वाटलं सगळे आत गुदमरले. मग खालून थर्मासचं झाकण पडल्याचा आवाज आला म्हणून ते जिना उतरून आले, तर आमची मंडळी चहा पीत बसलेली. आजींनी त्यांनाही विचारलं, घेता का घोटभर.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “खरी आग लागली तर धूर आधी इथेच भरेल. एकही जण जिवंत निघणार नाही. मी येत्या काही आठवड्यांत न सांगता परीक्षा घेणार. भोंगा वाजवणार. त्या दिवशी एक जरी रहिवासी इथे खाली सापडला, तर ही इमारत राहण्यालायक नाही असं मला लिहून द्यावं लागेल.”

“मग ही माणसं कुठे जातील?”

“जिथे खोल्या रिकाम्या असतील तिथे. दोन इकडे, चार तिकडे. एका जागी इतके कुठे मावणार?”

मी मनात म्हटलं, जाऊ द्या. पंप काय, सगळीकडे असतात. माझा जीव तरी सुटेल यांच्या तावडीतून. असं म्हटलं खरं, पण त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. शिंपी एकटा कुठल्या खोलीत पडला तर त्याला झोप लागत नाही. त्याला दुसऱ्या कुणाचा तरी खोकला ऐकू यावा लागतो. जुळ्यांच्या आईला इथे आली तेव्हा पोरांना उचलून घ्यायचीसुद्धा शुद्ध नव्हती. आजींनी तिचं डोकं मांडीवर घेऊन, रागे भरून, भरवून तिला माणसात आणलं. आता तिला कुठे पाठवणार, आणि आजींना कुठे?

दर गुरुवारी आमच्याकडे एक समुपदेशक ताई येतात. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या आणि बोलायचं. मी खुर्च्या मांडून देतो आणि निघतो. एकदा दारातून ऐकलं, ताई विचारत होत्या, जे झालं त्यातून आपल्याला काही मिळालं का, आपण कुठे बदललो, कुठे वाढलो. मिळालं म्हणे! मला पाठदुखी मिळाली. तेव्हापासून मी दाराशीही थांबत नाही. त्या गुरुवारी मात्र मी ताईंना जिन्यातच गाठलं.

“तुमचं ऐकतात ना ते? मग जरा सांगा त्यांना बाहेर जायला. मी सांगून सांगून थकलो.”

ताई म्हणाल्या, “ते खाली का जातात, हे तुम्ही विचारलंत का त्यांना?”

“विचारायचं काय त्यात? सवय. भीती. मला काय माहीत नाही? मीही तिथलाच आहे.”

“मग विचारायला काय हरकत आहे?”

ही शिकलेली माणसं फार गोड बोलून चिडवतात. पण विचारलं. सुईणआजींना विचारलं, कारण त्या हलल्या की इमारत हलते. तिकडे अर्ध्या गावाची नाळ त्यांनीच कापलेली. त्यांच्यापुढे कुणाची छाती होत नाही.

आजी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “बाहेर जाऊन उभं कुठे राहायचं?”

“अंगणात. अंगण केवढं मोठं आहे.”

“तेच तर. उघड्यावर, आभाळाखाली, कुठेही. माझ्या शेजारी कोण? डाव्या हाताला कोण? कुणी राहिलं मागे तर मला कळणार कसं? खाली मी डोळे मिटून सांगते कोण आलं नि कोण नाही. शिंप्याचा घोरण्याचा आवाज आला नाही की मी समजते. आम्ही खाली जातो ते काय तळघराच्या प्रेमापोटी? तिथे आमची जागा आहे, पंप्या.”

आजी बरोबर बोलत होत्या, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपांना मारून उरलेला पांढरा रंग घेतला आणि तळघर अंगणात मांडायला बसलो. जसं खाली, तसंच वर. इथे बॉयलर, त्याच्याजवळ आजींचा चौकोन. इथे जुळ्यांच्या आईचा, जरा मोठा. इथे शिंप्याचा. खिडक्यांतून सगळे बघत होते, मग एकेक करून खाली आले, आणि मग जो काही बाजार भरला, विचारू नका.

“माझा खांब कुठंय?” शिंपी.

“अंगणात खांब कुठून आणू?”

“खांबाशिवाय माझी जागा कशी होईल?”

मी खांबाच्या जागी एक गोल काढून दिला. शिंपी त्या गोलाशेजारी उभा राहिला, जरा मागे रेलला, आणि पडता पडता वाचला. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, मला बॉयलरच्या जवळ हवंय, खाली मला कायम लांब टाकलंय. मी म्हटलं, बाई, इथे बॉयलरच नाही! ती म्हणाली, नसू दे, पण जवळ द्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण दिली जागा.

मग मी नियम सांगितले. सामान घ्यायचं नाही. भोंगा वाजला की सरळ बाहेर यायचं आणि आपापल्या चौकोनात उभं राहायचं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. आणि एकदा बाहेर पडलं की कुणाला आणायला परत आत जायचं नाही. काही झालं तरी नाही.

“हे मला जमायचं नाही,” सुईणआजी म्हणाल्या.

“जमवायला लागेल.”

“शेजारीण आत राहिली तर मी इथे चौकोनात पाय जुळवून उभी राहू? शोभतं का मला ते?”

“आजी, हा साहेबांचा नियम आहे. परत आत गेलेलं माणूस सापडत नाही.”

“साहेबांना काय कळतंय? कुणी तरी जायलाच लागतं.”

“माझी बायको गेली होती!” मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने ओरडलो की एक जुळं रडायला लागलं. “आली होती ती खाली. माझ्यासमोर बसली होती, सुखरूप. वरची म्हातारी आली नाही म्हणाली, आणि तिला आणायला उठून गेली. जिना कोसळला. ती नाही आली आणि म्हातारीही नाही. पुन्हा कुणी माझ्यासमोर असलं काही बोलायचं नाही. समजलं?”

इतक्या वर्षांत हे मी कुणापुढे बोललो नव्हतो. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण बोललो नव्हतो. हातातल्या ब्रशचा रंग माझ्या चपलेवर ठिबकत होता. कुणी ‘अरेरे’ म्हटलं नाही, कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. तसं काही केलं असतं तर मी डबा फेकून निघून गेलो असतो.

आजींनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. “तू जा. चहा पी. राहिलेलं मी रंगवते.”

मी गेलो. संध्याकाळी पाहतो तर आजींच्या चौकोनाला लागून आणखी एक चौकोन, वाकडातिकडा, आणि त्यात एक वाटोळं.

“हे काय आणखी?”

“असू दे.”

“तुमच्या बोचक्याला जागा केलीत ना? सामान आणायचं नाही म्हणून सांगितलंय मी.”

“नाही आणत सामान. असू दे म्हटलं ना. किती कटकट करतोस रे!”

कटकट मी करतो! बरं, असू दे.

मग आम्ही सराव केला. पहिल्या वेळी अर्धे बाहेर आले आणि अर्धे सवयीने खाली गेले. दुसऱ्या वेळी शिंपी उशी घेऊन बाहेर आला. ती हिसकावून घ्यावी लागली. मी फाटकाशी उभा राहून ओरडायचो, आणि ते चौकोनात उभे राहून एकमेकांना हाका मारायचे. आलीस का, हो आले, तो आला का, हा काय माझ्या मागे. पुढे पुढे जमायला लागलं. एकदा तर भोंगा थांबल्यावरही कुणी हललं नाही, तिथेच उभ्या उभ्या गप्पा ठोकत बसले. जुळ्यांची आई मोठ्याने हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, होईल. निघतील पार.

आणि एके दिवशी सकाळी साहेबांनी भोंगा वाजवला.

मी तळमजल्यावर माझ्या खोलीत दाढी करत होतो. गालाला फेस, हातात वस्तरा. भोंगा वाजला एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते तळघर. मी पंपाशेजारी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसलो होतो. कायम तिथेच बसतो मी. एक हात पंपावर होता, आणि पंप हाताखाली गुरगुरत होता. वस्तरा कुठे टाकला माहीत नाही. जिना कधी उतरलो माहीत नाही.

डोक्यावर पायांचे आवाज ऐकू येत होते. सगळे पाय बाहेर चालले होते. एकही पाऊल खाली वळलं नाही. मी मनात म्हणत होतो, शाबास, शाबास रे बाबांनो, आणि माझं मलाच उठता येत नव्हतं. ऊठ, मी स्वतःला म्हटलं. गाढवा, ऊठ. साऱ्या जगाला शिकवलंस ना? पण पाय माझे राहिले नव्हते. समोरच्या भिंतीशी एक रिकामी जागा होती. तिथे इथलं कुणीच कधी बसत नाही. मी तिकडे बघत बसलो.

मग जिन्यावर सपातांचा आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग देवाधर्माला साक्षी ठेवून एक शिवी, मग पुढची पायरी.

“आजी!” मी ओरडलो. “बाहेर व्हा! साहेब बघतोय! सगळं वाटोळं कराल!”

“बघू दे.”

“परत आत यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? नियम आहे!”

“म्हातारी बाई मी. विसरले.” आजी कठड्याला धरून शेवटची पायरी उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. पदराने माझ्या गालावरचा फेस पुसला, एखाद्या पोराचं नाक पुसावं तसा, चांगला खसाखसा. “किती पायऱ्या केल्यात मेल्यांनी! ऊठ.”

“उठता येत नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर आले.”

“तुम्ही जा, आजी. तुमच्या पाया पडतो. मी येतो मागून.”

“मागून येतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.” त्यांनी माझा दंड धरला. “तुझी बायको कुणाला आणायला गेली होती?”

मी पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

“म्हातारीला ना? मग आज म्हातारी आली आहे. तिने केलं ते वाया गेलं, असं घेऊन बसला आहेस इतकी वर्षं. ऊठ आता. माझे गुडघे फार वेळ उभे राहत नाहीत, आणि मी इथे पडले तर मला उचलणार कोण?”

मी रडलो. लाज सोडून, मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून रडलो. आजींनी काही समजूत घातली नाही. दंड सोडला नाही, एवढंच. आणि केव्हातरी मी उभा होतो, आणि मी त्यांना आधार देत होतो की त्या मला, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला मला बोल लावत होत्या.

दारात वेगळाच तमाशा चालला होता. साहेब आत यायला निघाले होते, आणि जुळ्यांची आई दोन्ही कडांवर पोरं घेऊन दार अडवून उभी होती.

“बाई, बाजूला व्हा, आत दोन माणसं आहेत!”

“परत आत जायचं नाही, साहेब. नियम आहे. आमच्या दादांनी सांगितलंय.”

“अहो, मी अग्निशमनचा आहे!”

“असाल. पण नियम सगळ्यांना सारखा.”

आम्ही मागून आलो तेव्हा ती बाजूला झाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच, डोळे सुजलेले. मग अंगणाकडे पाहिलं. बाकी सगळी इमारत आपापल्या चौकोनात उभी होती. शिंपी नसलेल्या खांबाशेजारी, हात रिकामे. कुणी हललं नव्हतं.

“एकजण तळघरात,” साहेब म्हणाले. “आणि एकजण परत आत.”

मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. यांनी सगळं नीट केलं होतं, आणि माझ्या पायांपायी आता शिंपी एकीकडे जाणार, ती पोरं दुसरीकडे.

साहेबांनी हातातल्या पेनाने कपाळ खाजवलं. “मी म्हटलं होतं, रहिवासी खाली सापडता कामा नये. रहिवासी सगळे बाहेर होते. खाली सापडला तो केअरटेकर. रहिवासी पास. केअरटेकर नापास. आजी, तुम्हीही खरं म्हणजे नापास, पण तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. केअरटेकरची परीक्षा महिन्याभराने पुन्हा होईल. तोवर त्याला नीट शिकवायची जबाबदारी कोण घेतं?”

“मी घेते,” आजी म्हणाल्या. “पण सांगून ठेवते, पंप्या, पुढच्या खेपेला आपल्या पायाने बाहेर यायचं. मी काही पुन्हा पुन्हा उतरणार नाही.”

“उतराल तुम्ही,” मी म्हटलं.

“उतरेन. पण शिव्या देत उतरेन.”

त्या आपल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच घुटमळत होतो, कारण मला कुठे उभं राहायचं ते ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांच्या जागा काढल्या होत्या, आणि स्वतः कायम फाटकाशी उभा राहून ओरडत आलो होतो. आजींनी हनुवटीने शेजारच्या त्या वाकड्या चौकोनाकडे खूण केली. त्यातलं वाटोळं जवळून पाहिलं तर त्याला कडी काढलेली होती. पालथी बादली होती ती.

मी जाऊन तिच्यावर उभा राहिलो. पलीकडून शिंप्याने विचारलं, “आला का?” आणि आजी म्हणाल्या, “हा काय, माझ्या शेजारी.”